पंडिता रमाबाई आणि खरा पश्चात्ताप

पश्चात्ताप म्हटले की आपल्यासमोर पापनिवेदनाची रांग, गुडघे टेकून म्हटलेली प्रार्थना आणि क्वचित डोळ्यांतील अश्रू उभे राहतात. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र याहून पुढे जाते. केलेल्या पापाचे मनापासून दुःख, त्या पापाचा तिटकारा आणि पुन्हा ते न करण्याचा निश्चय, या तिन्ही गोष्टी पश्चात्तापात असाव्या लागतात. यूदालाही दुःख झाले होते, परंतु तो प्रभूकडे वळला नाही, पेत्र वळला.

हे वळणे म्हणजे काय, ते समजून घेण्यासाठी आम्ही पंडिता रमाबाईंकडे पाहतो. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. तरीही त्यांचे केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. पिंपळे सौदागरच्या भाविकांना सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके जवळ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेने मुलीला. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात विद्वानांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला आणि त्याच वर्षी विवाह झाला. १८८२ साली पतीही निवर्तले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ज्यांना सर्वांनी दाराबाहेर ठेवले, त्यांनाच या भगिनी मायेने जवळ करतात हे पाहून रमाबाई चकित झाल्या. त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. प्रभूने त्या स्त्रीचे पाप झाकले नाही आणि तिला झिडकारलेही नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथेच चरित्र संपले असते तर ती केवळ धर्मांतराची हकिकत ठरली असती. पण सुमारे आठ वर्षांनंतर, मुंबईत १८८९ साली सुरू केलेले शारदा सदन पुण्यात आल्यावर, रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. धर्मशास्त्र जाणणाऱ्या विदुषीने स्वतःला पापी म्हणून प्रभूच्या हाती सोपविणे हे सोपे नव्हते. बुद्धीचा अभिमान सोडणे हे कदाचित धन सोडण्याहून कठीण असावे, असे आम्हांस वाटते. जन्मापासून बाप्तिस्मा लाभलेल्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट अधिकच बोचावी.

त्यानंतरच्या त्यांच्या कृती पाहाव्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली व विधवांना आणले आणि केडगावी मुक्ती सदन उभारले. तेथेच कृपा सदन सुरू झाले, फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्याच स्त्रियांसाठी. बावीस वर्षांची तरुणी असताना ज्यांच्याकडे कदाचित पाहिलेही नसते, त्यांच्यासाठी चाळिशीला पोहोचलेल्या रमाबाईंनी घर बांधले.

१९०५ साली मुक्ती सदनात मोठी जागृती झाली. मुली रडून पापे कबूल करू लागल्या. अशा प्रसंगी भावनेचा पूर येतो, आणि त्याबद्दल सावध राहावे हेच बरे. परंतु त्या मुलींचे गट पुढे गावोगाव सुवार्ता सांगण्यास गेले, हे ध्यानात घ्यावे लागते.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला; त्यांचे बायबल दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.