कुरणांतील शाळा
कै. ताराबाई मोडक यांचें अल्प चरित्र

डहाणू तालुक्यांतील कोसबाडची टेकडी हल्लीं पालघर जिल्ह्यांत मोडते. तथापि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती ठाणें जिल्ह्यांतच होती. ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या ज्या शिक्षकांना गरिबांच्या मुलांसाठीं कांहीं नवें करावें असें वाटतें, परंतु हातीं द्रव्य नसतें, त्यांनीं या टेकडीवर आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचणाऱ्या बाईंचें चरित्र अवश्य जाणून घ्यावें.

ताराबाईंचा जन्म ता. १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस केळकर घराण्यांत झाला. आईबाप प्रार्थनासमाजी होते. १९१४ सालीं त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस राहिल्या. पण तो संसार टिकला नाहीं, व १९२१ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं. पुढें राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजाचें मुख्यपद त्यांस मिळालें. जागा मानाची होती. तरी भावनगर येथें गिजुभाई बधेका हे बालशिक्षणाचा नवा प्रयोग करीत आहेत असें कळल्यावर ती सोडून १९२३ सालीं त्या त्यांस जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला.

परंतु माँटेसरी पद्धतीचीं साधनें ठराविक मापाचीं, सुबक व महाग असत. शहरांतील सुखवस्तु मुलांस तीं मिळत. खेड्यांतील मजुराच्या मुलाचें काय, हा प्रश्न ताराबाईंस स्वस्थ बसूं देईना. वयाचीं त्रेपन्न वर्षें झाल्यावर, १९४५ सालीं, त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. तेथें अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या.

बोर्डीस बालवाडी निघाली खरी. पण गरीब वस्तींतील मुलें तेथें येईनात. ताराबाईंनीं याचा दोष आईबापांच्या माथीं मारला नाहीं. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. मग वस्तींतल्याच अंगणांत वर्ग भरूं लागला. मुलांस न्हाऊं घालावें, त्यांचे केंस विंचरावे, मग गाणीं व गोष्टी सांगाव्या, असा क्रम होता. महाग साधनांच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें व काड्या आल्या. हीच अंगणवाडी होय.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडला गेलें. तेथील वारल्यांचा मुलगा गुरांमागें जाई, व मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन घरीं राही. म्हणून गुरें चरत तेथेंच कुरणशाळा भरली. विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेविलीं. धाकटें पाळण्यांत निजलें कीं थोरली बहीण वर्गांत बसण्यास मोकळी होई.

अशा कार्यास पैसा लागत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. खडे-शिंपले फुकट मिळतात. पण शिक्षिकेचें वेतन, साबण, तेल व खाऊ फुकट मिळत नाहींत. शिवाय नवा प्रयोग पहिल्या खेपेस फसूं शकतो. बोर्डीची पहिली बालवाडी गरीब मुलांच्या बाबतींत फसलीच होती. त्याच वेळीं हात आंखडला असता तर अंगणवाडी निघालीच नसती. अनुदान सामान्यतः इमारत, पट व हजेरी पाहून दिलें जातें; परंतु कुरणांत भरणाऱ्या शाळेची इमारत कोणती दाखवावी? म्हणून प्रयोगशील शिक्षकास जें साहाय्य द्यावयाचें, तें चूक सुधारण्यास अवधि देणारें असावें, व त्यानेंही पै पैचा हिशेब चोख ठेवावा.

१९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण हा किताब मिळाला. ता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. अनुताईंनीं १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत तें कार्य चालविलें. ताराबाईंमागें दोन वर्षांनीं, ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव पडलें. जें एका वस्तींतील अंगणांत सुरू झालें, त्यास अखेर देशाच्या तिजोरींतून पैसा मिळाला. आपल्या गांवांतील कोणतें मूल शाळेंत येत नाहीं, व कां येत नाहीं, हें शिक्षकानें प्रथम त्याच्या अंगणांत जाऊन पाहावें. मदतीचा अर्ज त्यानंतर लिहावा.