लेलिया गोंझालेझ : दाईची बोली आणि ब्राझीलचा इतिहास

ब्राझीलमधील आफ्रिकी वंशीयांच्या आत्मशोधाचा विचार करताना लेलिया गोंझालेझ यांचे चरित्र भाषेच्या अंगाने पाहणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१ फेब्रुवारी १९३५ रोजी बेलो ओरिझोन्ते येथे एका मोठ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णवर्णीय रेल्वे कामगार, तर आई आदिवासी वंशाची व घरकाम करणारी. थोरला भाऊ जैमे हा फ्लामेंगो या क्लबाचा फुटबॉलपटू झाल्यामुळे १९४२ मध्ये कुटुंब रिओ द जानेरोस आले. लहानपणी लेलियांनी परक्यांची मुले सांभाळण्याचे काम केले. पुढे इतिहास-भूगोल व तत्त्वज्ञान या विषयांच्या पदव्या घेऊन त्या अध्यापक झाल्या आणि फ्रेंच तत्त्वज्ञानपर ग्रंथांचे अनुवादही त्यांनी केले.

या शिक्षणाने आपल्याला आपल्याच वंशापासून तोडले, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून स्पष्टपणे सांगितले. केस सरळ करणे, गोऱ्यांसारखे दिसू पाहणे हा त्या प्रक्रियेचाच भाग होता. स्पॅनिश वंशाचे लुईस कार्लोस गोंझालेझ यांच्याशी झालेला विवाह पतीच्या कुटुंबाने नाकारला, आणि थोड्याच काळात पतीने आत्महत्या केली. लेलियांनी ते आडनाव अखेरपर्यंत सोडले नाही. त्यानंतरच्या वर्षांत मनोविश्लेषण आणि आफ्रो-ब्राझिलियन कांदोंब्ले धर्म यांच्या आधारे त्या स्वतःकडे परतल्या. १९७६ मध्ये रिओच्या पार्के लाजे कलाशाळेत त्यांनी कृष्णवर्णीय संस्कृतीचा अभ्यासक्रम सुरू केला. १९७८ मध्ये, लष्करी राजवटीच्या काळातच, स्थापन झालेल्या एकीकृत कृष्णवर्णीय चळवळीच्या संस्थापकांत त्या होत्या.

१९८० मध्ये त्यांनी ब्राझिलियन संस्कृतीतील वंशवाद व लिंगभेद यांवर एक निबंध सादर केला. येथे त्यांचे वेगळेपण ठळकपणे जाणवते. गुलामांच्या मालकांची मुले वाढवणारी कृष्णवर्णीय दाई ही ब्राझीलच्या राष्ट्रीय कल्पनेतील एक लाडकी प्रतिमा आहे. जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात या दाईने पोर्तुगीज भाषेला आणलेला मऊपणा गौरवाने नोंदवला होता. परंतु मालक-गुलामांच्या सौहार्दाचे चित्र रंगवण्याकडेच त्यांचा कल होता. लेलियांनी ते चित्र उलटे केले. दाई गोऱ्यांना वाटते तशी त्यागमूर्ती नव्हे, आणि चळवळीतील काही उतावळ्यांना वाटते तशी वंशद्रोहीही नव्हे. मुलाला बोलायला शिकवणारी तीच असल्यामुळे मालकाच्या घराची भाषाच तिने आपल्या ताब्यात घेतली, असे त्यांचे प्रतिपादन होते. या भाषेला त्या ‘प्रेतुगेस’ म्हणत. मराठी कानाला शब्द अशुभ वाटेल, पण ‘प्रेतो’ म्हणजे काळा. ‘पोर्तुगेस’शी त्याचा केलेला हा संयोग आहे. निबंधही त्यांनी मुद्दाम रस्त्यावरच्या बोलीचा सूर मिसळून लिहिला. विद्वत्सभेत असे करणे हे धाडसच होते.

‘फ्लामेंगो’ला ‘फ्रामेंगो’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांना त्यांनी सुनावले, की हा ‘र’ आफ्रिकी भाषांचा ठसा आहे. या उपपत्तीवर भाषाशास्त्रीय आक्षेप घेता येतो. ‘ल’चा ‘र’ होणे पोर्तुगीजच्या अंतर्गत इतिहासातही आढळते. लॅटिन ‘प्लाकेरे’पासून प्रमाण भाषेतील ‘प्राझेर’ तसाच आला. मात्र या आक्षेपाने त्यांच्या मूळ मुद्द्याला बळच मिळते. शिष्टांच्या तोंडी रुळलेला ‘र’ व्याकरण ठरतो आणि मोलकरणीच्या तोंडचा ‘र’ अडाणीपणा, असाच याचा अर्थ होतो.

१९८२ मध्ये कार्लोस हासेनबाल्ग यांच्यासह त्यांचा ‘लुगार दे नेग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी मजूर पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढवली, पण त्या निवडून आल्या नाहीत. १९८८ मध्ये, गुलामगिरी रद्द झाल्याच्या शताब्दीवर्षी, त्यांनी ‘अमेफ्रिकानिदादे’ ही संकल्पना मांडली. अमेरिका खंडातील आफ्रिकी व आदिवासी वारसा तीत एकत्र विचारात घेतला आहे. उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ‘अमेरिकन’ ही संज्ञा केवळ आपल्या देशापुरती वापरावी, हेही त्यांना खटकत असे.

१० जुलै १९९४ रोजी रिओ येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचे बरेचसे लेखन नियतकालिकांत व परिषदांच्या खंडांत विखुरलेले होते. फ्लाविया रिओस व मार्सिया लिमा यांनी संपादित केलेला त्याचा विस्तृत संग्रह २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.