हरिभाऊंची यमू आणि मुलीचा वाटा

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. अवघ्या चौथ्या वर्षी मातृछत्र हरपले आणि काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या कुटुंबात ते वाढले. घरातील स्त्रियांच्या अबोल दुःखाकडे त्यांची दृष्टी एवढ्या लवकर का वळली, याचे एक कारण या पोरकेपणात असावे, असे मला वाटते.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. महाविद्यालयात गेले, परंतु पदवी काही पदरात पडली नाही. १८८८ साली काकांनी आनंदाश्रम स्थापिला. प्राचीन संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या या संस्थेचा कारभार हरिभाऊंनी दीर्घकाळ सांभाळला, आणि केशवपनाच्या रूढीवर मराठीतील सर्वांत जिव्हारी लागणारा घाव याच गृहस्थांनी घातला!

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले व त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९३ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध केली. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली पुण्यात रणे माजली होती; हरिभाऊंनी मात्र वादात न शिरता यमूलाच बोलते केले. ती आपली कहाणी स्वतः सांगते. माहेरी तिला मिळणारे वळण एकच : सोसणे. हे वळण लावण्यात पुरुषांइतकाच घरातील वडीलधाऱ्या बायकांचाही हात असतो, हे लेखकाने लपविले नाही. पुढे मुंबईस पती रघुनाथ तिला शिकवितो, तिला तिचे मन गवसू लागते. तो मरण पावताच सारे संपते. शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे बळजबरीने केशवपन होते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे थांबावेसे वाटते. यमूचे शिक्षण ही पतीची देणगी होती. देणारा गेला तेव्हा तिच्याजवळ स्वतःचे उत्पन्न नव्हते की हक्काचे छप्पर. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण लग्न करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला.

हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजी निवर्तले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली मिळाला. आमच्या पेण तालुक्यात जिते, हमरापूरकडच्या मुली आज महाविद्यालयात शिकतात, नोकऱ्या करतात. जमिनीचा व्यवहार ठरला की त्याच सुशिक्षित मुली माहेर तुटू नये म्हणून भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. सही मराठीत, वळणदार अक्षरात असते.