शांती बर्धन

शांती बर्धन (इ.स. १९१६ – इ.स. १९५४) हे भारतीय नर्तक आणि नृत्यरचनाकार होते. भारतीय जननाट्य संघाच्या (इप्टा) मध्यवर्ती पथकाचे नृत्यदिग्दर्शक आणि मुंबईतील 'लिटल बॅले ट्रुप' या संस्थेचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. माणसांनी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करून सादर केलेले 'रामायण' हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले नृत्यनाट्य होय. एका गुरूची परंपरा पुढे नेण्याऐवजी अनेक प्रांतांतील कलावंतांच्या सहकार्यातून नृत्यरचना घडविण्याची पद्धत त्यांनी अवलंबली. आधुनिक भारतीय नृत्याच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रामुख्याने या कामामुळे आहे.

प्रारंभिक जीवन

बर्धन यांचा जन्म पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथे झाला. हे शहर आज बांगलादेशात आहे. कोमिल्ला त्रिपुरा संस्थानाला लागून असल्याने त्या भागात मणिपुरी नृत्याशी आणि डोंगराळ प्रदेशातील आदिवासी नृत्यांशी परिचय होणे स्वाभाविक होते. रवींद्रनाथ टागोर यांनीही १९२० च्या सुमारास शांतिनिकेतनात मणिपुरी नृत्याचे शिक्षण सुरू करताना त्रिपुरातूनच शिक्षक बोलावले होते. बर्धन यांनी मणिपुरी आणि टिपेरा नृत्यांचा अभ्यास केला. पुढील काळात त्यांनी अनेक शैली हाताळल्या, तरी त्यांच्या नृत्याचा पाया या शिक्षणाने घातला.

अल्मोडा येथील काळ

उदय शंकर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हिमालयातील अल्मोडा येथे संस्कृती केंद्र स्थापन केले. बर्धन या केंद्रात दाखल झाले. तेथे कथकळीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै आणि मणिपुरीसाठी अमोबी सिंह असे गुरू होते. संगीताची बाजू काही काळ उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी सांभाळली.

शास्त्रोक्त शिक्षणाबरोबरच केंद्रात एक सर्वसाधारण वर्ग चालत असे. चालणे, थांबणे, निरीक्षण करणे आणि दिलेल्या कल्पनेवर पूर्वतयारीशिवाय हालचाल रचणे या गोष्टी त्यात शिकविल्या जात. गुरूने दाखविलेली मुद्रा जशीच्या तशी आत्मसात करण्याची रीत रूढ असताना विद्यार्थ्याला स्वतः रचना करावयास लावणारे हे शिक्षण नवे होते. यंत्रयुगातील श्रमिकांचे जीवन मांडणारे 'श्रम आणि यंत्र' हे नृत्यनाट्य याच केंद्रात आकाराला आले. सचिन शंकर, नरेंद्र शर्मा, शांता गांधी, प्रभात गांगुली, झोहरा सेहगल आणि गुरुदत्त हेही याच केंद्रातून पुढे आले. आर्थिक अडचणींमुळे १९४४ च्या सुमारास केंद्र बंद पडले आणि तेथील कलावंत विखुरले.

अंधेरीचे मध्यवर्ती पथक

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इप्टाची स्थापना झाली. विनय रॉय यांच्या नेतृत्वाखालील बंगालच्या पथकाने दुष्काळग्रस्तांसाठी गावोगावी कार्यक्रम केले व ते मुंबईतही सादर झाले. त्यांना मिळालेला प्रतिसाद पाहून १९४४ मध्ये इप्टाने मुंबईच्या उपनगरात, अंधेरी येथे, मध्यवर्ती पथक उभारले. कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरणचंद जोशी यांचा या उभारणीत पुढाकार होता. पथकाच्या नृत्यविभागाची जबाबदारी बर्धन यांच्याकडे आली.

पथकातील कलावंत एकाच ठिकाणी राहत, एकत्र जेवत आणि दिवसभर तालीम करीत. ते निरनिराळ्या प्रांतांतून आले होते आणि त्यांच्या भाषाही वेगवेगळ्या होत्या. अनेकांनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यामुळे बर्धन यांच्यापुढे दोन मार्ग होते. सर्वांना प्रथम एखाद्या शास्त्रीय शैलीत वर्षानुवर्षे तयार करणे हा पहिला मार्ग होता. ज्याच्या अंगात जे आहे त्यातून रचना बांधणे हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. लंबाडी नृत्य, रामलीला अशा लोकपरंपरांतील पावले आणि लय यांचा आधार घेऊन त्यांनी समूहरचना केल्या. एकट्या नायकाऐवजी जमाव हेच या रचनांचे मुख्य पात्र असे.

'भारत की आत्मा' (१९४४) या नृत्यनाट्यात पारतंत्र्य, भूक, साठेबाजी आणि राष्ट्रीय ऐक्य हे विषय आले. त्यानंतरच्या 'अमर भारत' मध्ये देशाचा इतिहास मांडण्यात आला. या पथकासाठी अवनी दासगुप्ता आणि रविशंकर यांनी संगीत दिले. याच सुमारास मुंबईतील गिरणगावात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक तमाशा व पोवाड्याच्या माध्यमातून श्रमिकांपर्यंत पोहोचत होते. लोककलेतून समकालीन प्रश्न मांडण्याचा हा प्रयत्न शहरात एकाच वेळी अनेक अंगांनी चालू होता.

पुढे मध्यवर्ती पथक विसर्जित झाले. बर्धन आणि रविशंकर यांनी त्यानंतर जवाहरलाल नेहरू यांच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथावर आधारित नृत्यनाट्य रचले. १९४७ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई संबंध परिषदेच्या वेळी ते सादर झाले.

आजार आणि 'लिटल बॅले ट्रुप'

यानंतर बर्धन यांना क्षयरोगाने गाठले. एक फुप्फुस निकामी झाले आणि नर्तक म्हणून रंगमंचावर उभे राहणे त्यांना अशक्य झाले. १९५२ मध्ये, याच अवस्थेत, त्यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रुप' या संस्थेची स्थापना केली. येथे 'बॅले' हा शब्द युरोपातील चवड्यांवरच्या नृत्यासाठी नसून कथा सांगणाऱ्या समूहनृत्याच्या अर्थाने वापरलेला आहे. इप्टाच्या पथकातील काही सहकारी संस्थेत सामील झाले. बर्धन यांच्या पत्नी गुल बर्धन, प्रभात गांगुली आणि नेपथ्य व वेशभूषा सांभाळणारे अप्पुण्णी कर्ता हे त्यांपैकी प्रमुख होत.

रामायण

'रामायण' हे नृत्यनाट्य १९५३ मध्ये रंगमंचावर आले. गावच्या जत्रेत बाहुल्यांचा खेळ मांडला जातो आणि त्या खेळातून रामकथा उलगडते, अशी त्याची मांडणी आहे. बाहुल्यांची कामे नर्तकच करतात. मुखवटे, कोनदार वेशभूषा आणि दोरीने ओढल्यासारख्या ताठर, तुटक हालचाली ही या नृत्यनाट्याची वैशिष्ट्ये आहेत. संगीत सरोदवादक बहादुर हुसेन खाँ यांचे होते.

मुखवट्यामुळे चेहऱ्यावरील अभिनयाला येथे वाव उरत नाही. भाव मान, खांदे, मनगटे आणि पावले यांतूनच व्यक्त करावा लागतो. शास्त्रीय नृत्यातील अभिनयाची प्रस्थापित परिभाषा त्यामुळे आपोआप बाजूला पडली आणि प्रत्येक पात्राची चाल नव्याने शोधणे भाग पडले. रचनाकाराला स्वतः सर्व काही नाचून दाखविता येत नसल्याने या शोधात नर्तकांचा वाटा मोठा होता. आराखडा बर्धन यांचा होता. त्याला देह सहकाऱ्यांनी दिला.

पंचतंत्र आणि मृत्यू

'रामायण' नंतर बर्धन यांनी 'पंचतंत्र' हाती घेतले. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची कथा त्यासाठी निवडण्यात आली. बाहुलीच्या ताठर हालचालींच्या जागी येथे पशुपक्ष्यांच्या हालचालींचे निरीक्षण आधाराला होते. मात्र ही रचना पूर्ण होण्यापूर्वीच १९५४ मध्ये बर्धन यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ३८ वर्षांच्या आसपास होते.

संस्थापकाच्या मृत्यूनंतर नृत्यसंस्था विसर्जित होणे हे त्या काळी नवे नव्हते. 'लिटल बॅले ट्रुप' मात्र टिकला. गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी 'पंचतंत्र' पूर्ण करून रंगमंचावर आणले. बर्धन यांच्या कार्यपद्धतीची ही खरी कसोटी होती. तालमीत घडत गेलेली रचना तेथे काम केलेल्या सर्वांच्या अंगी उतरलेली असल्यामुळेच ती त्यांच्या अनुपस्थितीत पुढे नेता आली.

वारसा

संस्थेने पुढे भारतात आणि परदेशांत 'रामायण' चे प्रयोग केले. १९६० च्या दशकात ती मुंबईहून ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला स्थलांतरित झाली. प्रभात गांगुली यांनी तेथे नव्या नृत्यरचना केल्या. गुल बर्धन यांनी अखेरपर्यंत संस्थेची धुरा वाहिली. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बर्धन यांच्या अल्मोडा येथील सहाध्यायांपैकी सचिन शंकर यांनी मुंबईत आणि नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीत स्वतंत्र नृत्यसंस्था उभारल्या.

बर्धन यांनी स्वतःची वेगळी नृत्यशैली किंवा घराणे मागे ठेवले नाही. तयार व्याकरण घेऊन सुरुवात न करता विषय आणि उपलब्ध माणसे यांच्यापासून सुरुवात करणे, ही त्यांची देणगी मानली जाते. कलावंतांनी एकत्र बसून हालचाल शोधणे आणि रचनेचे श्रेय समूहात वाटून घेणे या गोष्टी आजच्या समकालीन नृत्यात सर्वमान्य आहेत. अंधेरीतील तालमींत त्यांचा अवलंब १९४० च्या दशकातच झाला होता.