आनंदीबाईंची पदवी आणि फिलाडेल्फियातला पदव्यांचा बाजार

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना १८६५ मध्ये जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत, पुरेशा उपचारांअभावी गेला. डॉक्टर होण्याचा ध्यास तिथून सुरू झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्या शिकायला गेल्या त्या शहराचे नाव मात्र तेव्हा चांगलेच खराब झाले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

ते शहर फिलाडेल्फिया. तिथे जॉन बुकॅनन नावाचा गृहस्थ मेडिकल कॉलेजच्या नावाखाली पदव्या विकत असे. पैसे भरले की कागद हातात. वर्गात बसायची गरज नाही. १८८० मध्ये एका स्थानिक दैनिकाने त्याचे बिंग फोडले. तेव्हा त्याने फेरीबोटीवरून डेलावेअर नदीत उडी मारून जीव दिल्याचे नाटक रचले. 'बुडालेला' बुकॅनन पुढे मिशिगनमध्ये जिवंत सापडला आणि तुरुंगात गेला. १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाने डॉक्टरांची नोंदणी सक्तीची केली.

दोन वर्षांनी आनंदीबाई तिथे पोहोचल्या. त्यांचे कॉलेज अस्सल होते. १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेले, तीन वर्षे कसून अभ्यास करून घेणारे. थंडी सोसत, क्षयाने पोखरत असतानाही त्यांनी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचे काम त्यांना देऊ केले.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात मात्र डॉक्टरांची नोंदवहीच नव्हती. खरी पदवी आणि बुकॅननचा कागद शेजारी ठेवले असते, तर फरक सांगणार कोण? सारी भिस्त कॉलेजच्या शब्दावर होती. आनंदीबाईंना कोल्हापूरचे काम हाती घेताच आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

मुंबईचा वैद्यक कायदा आला १९१२ मध्ये. त्याने नोंदवही दिली आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव त्यातून खोडण्याचा अधिकारही. नाव चढवण्याइतकेच ते खोडणे महत्त्वाचे, आणि खोडल्याची खबर दुसऱ्या गावी पोहोचणे तर त्याहून. ही खबर पोहोचत नव्हती म्हणूनच अमेरिकेत एका राज्यात परवाना गमावलेले डॉक्टर शेजारच्या राज्यात खुशाल दवाखाना थाटत. १९८६ मध्ये, आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, तिथल्या संसदेने कायदा केला आणि १९९० पासून अशा कारवायांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. आरोग्यसेवेतल्या फसवणुकीसाठी निघालेली दुसरी नोंद २०१३ मध्ये तिच्यातच मिसळली. एक उणीव आजही आहे: रुग्णालये आणि परवाना मंडळे ती पाहू शकतात, सामान्य रुग्ण नाही.

आपल्याकडे कारवाईचा अधिकार राज्याच्या परिषदेकडे आहे. आनंदीबाईंच्या कल्याणपासून जवळच असलेल्या ठाण्यात, घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवरच्या तळमजल्यांवर दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. पदव्यांची अक्षरे मोठी असतात. निलंबनाची तारीख कोणी पाटीवर लावत नाही. मात्र २००२ च्या नियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि प्रिस्क्रिप्शन, दाखला व पावतीवर लिहिणे डॉक्टरला बंधनकारक आहे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरचा हा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीशी ताडून पाहता येतो. होमिओपॅथी, आयुर्वेद आणि दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा क्रमांकाबरोबर तिची मुदतही पाहावी.