बादशाह खान

खान अब्दुल गफारखान यांचा जन्म १८९० साली पेशावरजवळील उतमानझई गावी झाला. तेथील पठाणांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले. १९२९ साली त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना स्थापन केली. सूड घेणार नाही आणि रोज दोन तास सेवा करीन, अशी शपथ प्रत्येक सभासद घेई. सेवेचा मोबदला नसे. खानसाहेब गावोगाव फिरत आणि प्रत्येक नियम आधी स्वतः पाळत. म्हणून हजारो लोक त्यांच्यामागे आले.

२३ एप्रिल १९३० रोजी इंग्रज सरकारने त्यांना पकडले. त्याच दिवशी पेशावरात निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. अनेकजण मेले. नेता कैदेत होता, तरी खिदमतगारांनी शपथ मोडली नाही. १९८८ साली बादशाह खान वारले.