सर्पगंधा आणि डॉ. वकील

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला, त्यामागे औषधांबाबतचे परावलंबन संपवण्याची प्रेरणा होती. पेनिसिलीनची विद्या बाहेरून पिंपरीस आली. परंतु येथील एका मुळीची विद्या त्यापूर्वीच बाहेर गेली होती. तिला जगापुढे नेणाऱ्यांत अग्रेसर होते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील.

१९११ साली जन्मलेल्या वकिलांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि मुंबईस परतून के. ई. एम. रुग्णालयात काम केले. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार दिली जाई. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांची नोंदही केली होती. परंतु परंपरेचा दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे वकील जाणून होते. अनेक वर्षे रुग्णांची निरीक्षणे टिपून त्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. ते मनोरुग्णांनाही देण्यात येऊ लागले; मात्र काहींना नैराश्य ग्रासू लागले, काहींत कंपवाताची लक्षणे दिसू लागली. या अपायातूनच नवे ज्ञान हाती आले. मेंदूतील पेशी परस्परांना रासायनिक निरोप धाडतात व पलीकडच्या पेशीवरील ग्राही ते स्वीकारतात. रिसर्पिन ग्राहींना स्पर्श न करता निरोपांचा साठाच रिता करते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखवून दिले की, रिसर्पिनने निश्चल झालेले प्राणी डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. कंपवातावरील लेव्होडोपा उपचाराचा मार्ग येथूनच निघाला.

त्याच वर्षी वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला. १९७४ साली ते निवर्तले.

त्यांच्या चरित्राचा बोध केवळ वैद्यकीय नाही, आर्थिकही आहे. मुळी आपली, रुग्णांवरील पुरावाही आपला. रेणू मात्र परक्या प्रयोगशाळेत सापडला आणि औषध तिकडचे ठरले. रुग्णशय्या, प्रयोगशाळा व कारखाना यांची साखळी जोडली गेली नाही, तर पिंपरीपासून चाकणपर्यंत कितीही कारखाने उभे राहिले, तरी त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांच्या शोधांचे उत्पादनच येईल.